पिण्याच्या पाण्यातले अदृश्य उपपदार्थ शोधतात तरी कसे?

२०२४ सालच्या नोव्हेंबरमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्याची बातमी जगभर पसरली. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांच्यापासून बनणारा जंतुनाशक, वापरून निर्जंतुक केलेल्या पाण्यात एक अनोळखी पदार्थ तयार होतो, हे रसायनशास्त्रज्ञांना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होते. तो नेमका कोणता, हे मात्र चाळीस वर्षे कोणालाही सांगता आले नव्हते. अमेरिका आणि स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी अखेर त्याची ओळख पटवली. क्लोरोनायट्रामाइड असे त्याचे नाव असून तो अवघ्या पाच अणूंचा, ऋण विद्युतभार असलेला कण आहे. अमेरिकेतल्या दहा पाणीपुरवठा यंत्रणांमधून घेतलेल्या ४० नमुन्यांत तो सापडला, तर क्लोरामाइन न वापरणाऱ्या स्विस पाण्यात तो आढळला नाही.

बातमी वाचणाऱ्या कोणाच्याही मनात पहिला प्रश्न येतो तो असा की, पाण्याची तपासणी तर नियमित होते, मग इतकी वर्षे हा पदार्थ कोणाला दिसला कसा नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर हलगर्जीपणात शोधण्यापेक्षा तपासणीच्या पद्धतीत शोधावे लागते, कारण पाण्याचा तपासणी अहवाल हा विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो आणि न विचारलेल्या प्रश्नाबद्दल पूर्ण मौन पाळतो. हे मौन कुठे सुरू होते, ते कळले की असल्या बातम्या वाचून घाबरण्याचीही गरज उरत नाही आणि गाफील राहण्याचीही चूक होत नाही.

जंतू मारताना नवे पदार्थ का तयार होतात?

नदी, तलाव किंवा धरणाच्या पाण्यात गळून पडलेली पाने, कुजलेले लाकूड आणि माती सतत भिजत असते. चहाची पत्ती पाण्यात उतरावी तसा या साऱ्याचा अर्क पाण्यात उतरतो. पाणी डोळ्यांना नितळ दिसले तरी हा सेंद्रिय अंश त्यात विरघळलेला असतोच. अशा पाण्यात क्लोरीन मिसळला की त्याचे हायपोक्लोरस आम्ल बनते. हे आम्ल जंतूंच्या पेशींवर तुटून पडते, म्हणूनच ते उपयोगी आहे; पण जंतूचा रेणू कोणता आणि कुजलेल्या पानाचा कोणता, हा भेद त्याला करता येत नाही. पानांच्या अर्कातल्या मोठ्या रेणूंशीही त्याची अभिक्रिया होते आणि त्यांचे क्लोरीनयुक्त लहान तुकडे पाण्यात शिल्लक राहतात. यांनाच निर्जंतुकीकरणाचे उपपदार्थ म्हणतात. यापुढे मी नुसते ‘उपपदार्थ’ म्हणेन.

पाण्यात ब्रोमाइड हा क्षार असला, तर प्रकरण आणखी पुढे जाते. क्लोरीन ब्रोमाइडचे हायपोब्रोमस आम्ल बनवतो आणि ते सेंद्रिय रेणूंशी क्लोरीनपेक्षाही वेगाने अभिक्रिया करते. त्यामुळे क्लोरीन टाकलेल्या पाण्यात ब्रोमीनयुक्त उपपदार्थही निघतात.

या मंडळींपैकी दोन घराणी सर्वांत परिचित आहेत. पहिले ट्रायहॅलोमीथेनचे. त्यात क्लोरोफॉर्म, ब्रोमोडायक्लोरोमीथेन, डायब्रोमोक्लोरोमीथेन आणि ब्रोमोफॉर्म असे चार पदार्थ येतात आणि ते सहज हवेत उडून जातात. दुसरे हॅलोअ‍ॅसिटिक आम्लांचे, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाला क्लोरीन किंवा ब्रोमीन जोडून बनलेल्या पदार्थांचे. ही आम्ले उडत नाहीत, पाण्यातच राहतात. क्लोरीनऐवजी ओझोन वापरला आणि पाण्यात ब्रोमाइड असले, तर ब्रोमेट तयार होते. क्लोरीन डायऑक्साइड वापरल्यास क्लोराइट मागे राहते. आजवर सहाशेहून अधिक उपपदार्थांची नोंद झाली आहे.

इथे एक तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या जर्सी सिटीत पाण्याला सतत क्लोरीन देण्यास १९०८ मध्ये सुरुवात झाली, आणि क्लोरोफॉर्म क्लोरिनीकरणातूनच तयार होतो हे उघड झाले ते १९७४ मध्ये. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठा संस्थेतले रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी ते दाखवले आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतल्या संशोधकांनीही तोच निष्कर्ष प्रसिद्ध केला. मधली सहासष्ट वर्षे क्लोरोफॉर्म नळातून येतच होता. त्यांतली बहुतेक वर्षे तो पाहू शकणारी उपकरणे तेवढी नव्हती.

‘सूक्ष्म प्रमाण’ म्हणजे नेमके किती?

उपपदार्थ मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ग्रॅमचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून ऑलिंपिक स्पर्धांचा ५० मीटर लांबीचा जलतरण तलाव घेऊ. तो २५ मीटर रुंद आणि दोन मीटर खोल धरला, तर त्यात २५ लाख लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्यात २०० ग्रॅम क्लोरोफॉर्म सारखे मिसळले, तर दर लिटरमागे ८० मायक्रोग्रॅम भरतात आणि अमेरिकेत चारही ट्रायहॅलोमीथेन मिळून घातलेली मर्यादा तेवढीच आहे. काही उपपदार्थ मात्र याच्याही हजारपट खाली, नॅनोग्रॅममध्ये शोधावे लागतात. क्लोरामाइनच्या पाण्यात तयार होऊ शकणारे एनडीएमए (एन-नायट्रोसोडायमिथाइलअमाइन) हे त्यांपैकी एक. एका लिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे त्या अख्ख्या तलावात अडीच मिलिग्रॅम, मिठाचे मोजके कण.

निम्मे काम नळापाशीच होते

प्रयोगशाळेतले महागडे यंत्र कितीही अचूक असले, तरी नमुना घेताना झालेली चूक त्याला दुरुस्त करता येत नाही. म्हणून हा भाग मी जरा सविस्तर सांगतो.

नळाच्या तोंडाला जाळी असेल तर ती आधी काढतात, कारण ती पाण्यात हवा मिसळते आणि उडणारे पदार्थ तिथेच निसटतात. मग पाणी काही मिनिटे वाहू देतात. नळीत साचून राहिलेले पाणी निघून गेले आणि पाण्याचे तापमान स्थिरावले की धार अगदी बारीक करतात. सुमारे ४० मिलिलिटरची तपकिरी काचेची कुपी तिरकी धरून, बुडबुडा उठणार नाही अशा बेताने भरत नेतात. पाणी काठोकाठ आले की थांबत नाहीत. काठाच्या किंचित वर पाण्याचा फुगीर घुमट दिसला पाहिजे. मग टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण घट्ट लावून कुपी उलटी करतात, बोटाने हलकेच टिचकी मारतात आणि उजेडाकडे धरून पाहतात. आत मटाराएवढा जरी बुडबुडा फिरताना दिसला, तरी तो नमुना बाद. पाण्यातला क्लोरोफॉर्म त्या बुडबुड्यात शिरतो, झाकण उघडताच निसटतो आणि अहवालात आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

दुसरी काळजी कुपीच्या तळाशी घेतलेली असते. नळाच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन असतो आणि कुपीत बंद केल्यावरही तो आपले काम सोडत नाही. नमुना दोन दिवसांनी प्रयोगशाळेत पोचला, तर मोजले जाईल ते दोन दिवस मुरलेले पाणी, आपण प्यायलो ते नव्हे. म्हणून कुपीत आधीच एखादे रसायन घालून ठेवतात, जे शिल्लक क्लोरीन संपवते किंवा त्याला निष्प्रभ करते. हे रसायनही विचारपूर्वक निवडावे लागते. सोडियम थायोसल्फेट ट्रायहॅलोमीथेनसाठी चालते, पण ते काही नाजूक उपपदार्थांनाच मोडून टाकते. अशा वेळी अमोनियम क्लोराइड किंवा अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल वापरतात. शिवाय शुद्ध पाण्याची एक कुपी नमुन्यांसोबतच प्रवास करते. क्लोरोफॉर्म हे प्रयोगशाळेत सर्रास वापरले जाणारे द्रावक आहे. त्या कोऱ्या कुपीतही ते सापडले, तर दोष पाण्याचा नसून हाताळणीचा आहे, हे लगेच उघड होते.

नमुना कुठून घेतला, यालाही तितकेच महत्त्व आहे. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेले पाणी जलवाहिनीत तासन्‌तास, कधी काही दिवस फिरते आणि तेवढा वेळ अभिक्रिया चालू राहते. त्यामुळे ट्रायहॅलोमीथेनचे प्रमाण केंद्राजवळ कमी आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाला जास्त असते. हॅलोअ‍ॅसिटिक आम्लांचे उलटेही घडू शकते, कारण वाहिनीच्या आतल्या थरातले जीवाणू त्यांतली काही आम्ले खाऊन टाकतात. पाणी कोमट असले की अभिक्रिया वेगाने होते. पाण्याचा सामू (पीएच) वाढला की ट्रायहॅलोमीथेन वाढतात, उतरला की आम्लांचे पारडे जड होते. गार हवेच्या दिवसांत, केंद्राच्या फाटकाजवळून घेतलेला एकच नमुना पाहून सगळे आलबेल आहे असे मानणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करताना शीतच चुकीच्या भांड्यातले उचलण्यासारखे आहे.

यंत्राच्या आत काय घडते?

ट्रायहॅलोमीथेन उडून जातात, हा त्यांचा स्वभावच शोधाच्या कामी येतो. नमुन्यातून हेलियमसारखा निष्क्रिय वायू बुडबुड्यांच्या रूपाने सोडतात. सोड्याची बाटली उघडल्यावर वायू फसफसून बाहेर पडतो, तसे हे पदार्थ त्या वायूबरोबर बाहेर येतात आणि पुढे ठेवलेल्या शोषक नळीत अडकतात. नळी झटकन तापवली की सगळे एकदम सुटून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये शिरतात.

या यंत्रात केसासारखी बारीक आणि अनेक मीटर लांबीची वेटोळी नळी असते, तिला आतून विशिष्ट लेप दिलेला असतो. एकाच वेळी बाजारपेठेच्या तोंडाशी आलेल्या माणसांची कल्पना करावी. कोणी थेट चालत पलीकडे निघते, कोणी प्रत्येक दुकानापाशी रेंगाळते, आणि शेवटी सगळे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. नळीच्या लेपापाशी रेणू असेच कमी-अधिक रेंगाळतात. क्लोरोफॉर्म आधी बाहेर येतो, ब्रोमोफॉर्म बराच मागून.

बाहेर येणाऱ्याला ओळखणारे एक साधन जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये तयार केले. आजच्या अशा उपकरणांत बहुधा निकेल-६३ हे किरणोत्सारी मूलद्रव्य असते. त्याच्यामुळे इलेक्ट्रॉनांचा एक बारीक, स्थिर प्रवाह चालू राहतो. क्लोरीन किंवा ब्रोमीन असलेला रेणू त्या प्रवाहात आला की तो इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो आणि प्रवाह क्षणभर कमी होतो. यंत्र ही घटच नोंदवते. पाण्यातून आलेल्या इतर असंख्य रेणूंकडे ते जवळजवळ लक्षच देत नाही, म्हणूनच या कामाला ते इतके चपखल बसते.

अर्थात, दोन वेगळे पदार्थ एकाच वेळी बाहेर पडले तर? इथे मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. हे यंत्र रेणूचे विद्युतभारित कण किंवा तुकडे बनवून प्रत्येकाचे वजन करते. निसर्गात क्लोरीनचे अणू दोन वजनांचे असतात, ३५ आणि ३७, आणि त्यांचे प्रमाण साधारण तीनास एक असते. ब्रोमीनचे ७९ आणि ८१ हे जवळपास समसमान. त्यामुळे एक क्लोरीन असलेल्या तुकड्याच्या आलेखात एक उंच रेघ आणि दोन घरे पुढे तिच्या तिसऱ्या हिश्शाची दुसरी रेघ उमटते, तर एका ब्रोमीनच्या दोन्ही रेघा सारख्या उंचीच्या येतात. सरावलेल्या डोळ्यांना ही जोडी लगेच ओळखू येते. एवढ्या सूक्ष्म गोष्टीने आपली ओळख इतकी स्पष्ट सांगावी, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

हॅलोअ‍ॅसिटिक आम्ले उडत नसल्याने त्यांना ही वाट बंद असते. नमुना आम्लधर्मी करून त्यांना द्रावकात ओढतात, मेथॅनॉलशी अभिक्रिया घडवून त्यांचे उडणारे एस्टर बनवतात आणि मगच क्रोमॅटोग्राफमध्ये सोडतात. ब्रोमेट, क्लोराइट यांसारख्या विद्युतभारित कणांसाठी आयन क्रोमॅटोग्राफी ही वेगळी पद्धत आहे. प्रत्येक घराण्यासाठी कुपी वेगळी, तयारी वेगळी, यंत्रही बहुधा वेगळे.

मग तो पदार्थ चाळीस वर्षे का सापडला नाही?

वर्गात हजेरी घेताना शिक्षक पटावरची नावे वाचतात. पटावर नाव नसलेला मुलगा बाकावर बसलेला असला, तरी हजेरीत त्याची नोंद होत नाही. नेहमीची पाणीतपासणी ही अशी हजेरी असते. ठरावीक पदार्थांचे शुद्ध नमुने आधी यंत्रातून सोडून त्यांची वेळ आणि खूण नोंदवून ठेवलेली असते. त्यांच्याशी जुळेल तेवढेच अहवालात येते.

क्लोरोनायट्रामाइड तर हरेक चाळणीतून निसटणारा होता. तो उडत नाही, म्हणून वायूबरोबर बाहेर येत नाही. विद्युतभारित असल्याने द्रावकात जायला राजी नसतो. शिवाय प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केला, तरी भोवती इतके क्षार असतात की त्यांतून त्याला वेगळे काढणे जिकिरीचे होते. अतिनील प्रकाश थोडा शोषला जातो, एवढीच त्याची चाहूल जुन्या संशोधकांना लागली होती. शेवटी आयन क्रोमॅटोग्राफीने त्याला क्षारांपासून अलग केले, अतिशय काटेकोर मास स्पेक्ट्रोमीटरने त्याचे वजन दशांश चिन्हापुढच्या अनेक अंकांपर्यंत सांगितले, आणि जड नायट्रोजन (नायट्रोजनचाच जास्त वजनाचा अणू) वापरून केलेल्या प्रयोगांनी त्यातले नायट्रोजन पक्के केले.

पटावर नसलेले आणखी किती आहेत, याचा अंदाज घेण्याची एक रीत आहे. पाण्यातले सेंद्रिय रेणू सक्रिय कार्बनवर शोषून घेतात, तो कार्बन जाळतात आणि निघालेला एकूण क्लोरीन-ब्रोमीन मोजतात. मग ओळखीच्या सगळ्या उपपदार्थांमधला क्लोरीन-ब्रोमीन त्यातून वजा करतात. क्लोरीन दिलेल्या पाण्यात या हिशेबातला मोठा वाटा, कित्येकदा निम्म्याहून अधिक, बेहिशेबी उरतो. म्हणूनच काही प्रयोगशाळा रसायनांच्या नावांमागे न लागता पाण्यातला अर्क पेशींवर टाकून त्यांना किती इजा होते, तेच थेट मोजतात. सरसकट तपासणीत ही पद्धत यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

सापडले, म्हणजे पाणी विषारी आहे का?

नाही. अब्जांश भाग टिपणारे यंत्र हाती असल्यावर काही ना काही सापडणारच. सापडणे ही यंत्राच्या क्षमतेची गोष्ट आहे, अपाय ही मात्रेची आणि काळाची. मर्यादा ठरवताना बहुतेक उपपदार्थांच्या बाबतीत आयुष्यभर रोज ते पाणी प्यायले जाईल, असे गृहीत धरतात. अमेरिकेने ट्रायहॅलोमीथेनची मर्यादा १९७९ मध्ये १०० मायक्रोग्रॅम ठेवली आणि पुढे ८० वर आणली. युरोपीय संघात ती १०० आहे, तर जागतिक आरोग्य संघटना चारही पदार्थांना स्वतंत्र मूल्ये देते. एकट्या क्लोरोफॉर्मला ३००, पण ब्रोमोडायक्लोरोमीथेनला अवघी ६०. हे आकडे विष आणि अमृत यांच्यामधली रेघ नव्हेत. उपलब्ध पुरावा आणि व्यवहार यांचा मेळ घालून काढलेले ते निष्कर्ष आहेत.

तरीही काळजी निराधार नाही. दीर्घकाळ क्लोरीनयुक्त पाणी पिणे आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्यातला संबंध अनेक लोकसंख्याधारित अभ्यासांत दिसला आहे. त्यामागे नेमका कोणता पदार्थ आहे, हे मात्र ठरलेले नाही. एनडीएमए माणसात बहुधा कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण आहे. क्लोरोनायट्रामाइडची विषारकता शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा तपासलेली नव्हती, त्यामुळे त्याला विष ठरवणारे आणि निरुपद्रवी ठरवणारे, दोघेही सुतावरून स्वर्ग गाठत होते.

मग क्लोरीनच बंद का करू नये?

कारण जंतूंना आयुष्यभर वाट पाहावी लागत नाही. पटकी आणि विषमज्वर काही दिवसांत जीव घेतात. उपपदार्थ कमी करण्यासाठी निर्जंतुकीकरणाशी तडजोड करू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. नेदरलँड्समध्ये आज क्लोरीनशिवाय पाणी पुरवले जाते, हे खरे आहे. मात्र तिथे भूजलाचा मोठा वापर, गाळणीचे एकामागून एक टप्पे आणि फारशी गळती नसलेल्या वाहिन्या हे सगळे आधी उभे केले गेले आणि क्लोरीन नंतर काढला गेला. क्रम उलटा केला तर परिणाम भयंकर होतील.

खरा उपाय क्लोरीनच्या आधी आहे. पाण्याला तुरटी फिरवून, गाळून किंवा सक्रिय कार्बनमधून नेऊन सेंद्रिय अंश आधीच कमी केला, तर क्लोरीनला उपपदार्थ बनवण्यासाठी फारसा कच्चा माल उरत नाही. याउलट नुसता जंतुनाशक बदलला की प्रश्न कूस बदलतो. ट्रायहॅलोमीथेन घटावेत म्हणून अनेक ठिकाणी क्लोरामाइन आणले गेले, ते घटलेही. पण एनडीएमए आणि क्लोरोनायट्रामाइड त्याच वाटेने आले.

घरच्या घरी तपासता येईल का?

विरघळलेले क्षार दाखवणारा खिशातला मीटर इथे काहीही सांगू शकत नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. ट्रायहॅलोमीथेनला विद्युतभारच नसतो. क्लोरीनचा वासही कसोटी नव्हे, कारण तो क्लोरीनचा असतो, उपपदार्थांचा नसतो. उघड्या भांड्यात पाणी चांगले उकळल्याने ट्रायहॅलोमीथेन बरेचसे निघून जातात, ब्रोमेट मात्र तसेच राहते. सक्रिय कार्बनचा फिल्टर उपयोगी पडतो, तो वेळच्या वेळी बदलला तरच.

बाकी भरवसा अहवालावरच ठेवावा लागतो. तो हाती आला, तर नमुना वाहिनीच्या कोणत्या टोकाचा, कोणत्या महिन्यातला आणि नेमके कोणते पदार्थ शोधले, हे आधी पाहावे. ‘आढळले नाही’ असे लिहिले असेल, तर शेजारी शोधमर्यादेचा आकडा आहे का, ते पाहावे; अर्धा मायक्रोग्रॅम टिपणाऱ्या यंत्राने आढळले नाही म्हणणे आणि पन्नास मायक्रोग्रॅमच्या खाली काहीच न दिसणाऱ्या पद्धतीने तेच म्हणणे, ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत.